लिटरभर इमान

तातेरावांची लँडमास्टर चालू करायला अक्कल लागते आणि बंद करायला हिंमत, असं तातेराव स्वतःच सांगत. अकलेचं आपण सोडून देऊ. हिंमतीचा अर्थ एवढाच, की एकदा बंद केलेली गाडी परत चालू होईल याची खात्री खुद्द तातेरावांनाही नसे. नव्या जालन्यात त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान होतं. त्याच्यासमोर ते गाडी कायम उताराकडे तोंड करून लावत आणि पुढच्या चाकाला धोंडा ठेवत. घरी जायची वेळ झाली की धोंडा काढायचा, आत उडी मारायची आणि गाडी पोस्टापर्यंत घरंगळत जाईस्तोवर गिअर टाकून तिची मनधरणी करायची. तेवढ्यात चालू झाली तर ठीक, नाही तर पोस्टातली माणसं ढकलायला बाहेर यायची. इतक्या वर्षांत त्यांना सवय झाली होती.

गाडी छप्पन सालची, काळीभोर, हाडापेरानं मजबूत. "पत्रा बघा, आता असा पत्रा मिळनार न्हाई," असं म्हणून तातेराव दारावर थाप मारत. थाप मारली की दार उघडायचं. आतून सुतळीनं बांधलेलं असायचं, म्हणून सगळं उघडत नसे एवढंच. दर दोन कोसांवर तिला तांब्याभर पाणी लागे, आणि ऑइल तर ती अशी खायची, की तातेरावांच्या पत्नी मालनबाई म्हणायच्या, घरातल्या फोडण्यांना वर्षभर जेवढं तेल जातं तेवढं ही म्हातारी महिन्यात संपवते. पण एकदा निघाली की आठ माणसं, दोन पोती आणि टपावर पलंग घेऊन अंतरवालीच्या गाडवाटेनं शेतापर्यंत जायची. हे मात्र खरं होतं आणि तातेराव ते दिवसातून चारदा सांगत.

सांगायचे कोणाला, तर मुख्यतः व्याह्यांना. व्याही अप्पाराव बदनापूरचे, मोसंबीचे बागवान. बोलणंही मोसंबीसारखंच, आधी गोड आणि मग जिभेवर रेंगाळणारं जरा कडू. त्यांच्याकडे अठ्ठावन्न सालची फिकट हिरवी फियाट होती. तिच्या गोल पाठीमुळं सगळा मुलूख तिच्यासारख्या गाड्यांना डुक्कर फियाट म्हणे. अप्पारावांच्या तोंडावर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. तातेराव म्हणत.

अप्पारावांनी गाडी लेकीसारखी जपली होती. रात्री अंगावर गोधडी, थंडीत बॅटरी काढून घरात धान्याच्या कणगीजवळ, आणि पावसाचा ढग दिसला की गाडी गोठ्यात, म्हैस बाहेर. चार माणसं बसली की पाचव्याला ते सायकलीनं यायला सांगत, स्प्रिंगचे पाटे बसतील म्हणून. धूळ लागते म्हणून ती फारशी बाहेरच निघत नसे, आणि बाहेर निघत नसे म्हणून तिला खर्च नसे. "माझ्या गाडीनं दोन वर्षांत एक प्लग मागितला," असं अप्पाराव सांगत. तातेराव म्हणत, देवघरातला नंदी तर तेवढाही मागत नाही.

आता हे दोघं जन्मभर असंच भांडत राहिले असते तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण तातेरावांची एकुलती एक लेक शिवकन्या अप्पारावांच्या देवानंदला दिली होती, आणि चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ती पहिलटकरीण होती.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात वाद नव्हता. सातव्या महिन्यात ओटी भरली की माहेरचा मुराळी जायचा आणि लेकीला घेऊन यायचा, ही रीत. त्याप्रमाणे तातेराव लँडमास्टर घेऊन बदनापूरला गेले. जेवणं झाली, ओटी भरली, शिवकन्या गाडीत बसली, सासूनं डोळे पुसले, आणि गाडी चालू होईना. हँडल मारून झालं. चोक ओढून झाला. शेवटी गल्लीतली आठ माणसं गाडी ढकलायला लागली, आत सात महिन्यांची पोटुशी लेक बसलेली. ते बघून अप्पारावांनी तिला खाली उतरवून घेतलं.

"इवाई, असल्या गाडीत मी सून पाठवनार न्हाई," ते म्हणाले. "मी आनून सोडतो माझ्या गाडीत."

"मुराळी मी हाय," तातेराव म्हणाले. "माझी लेक माहेरी डुकरावर बसून येनार न्हाई."

झालं. बोलू नये ते बोलून झालं होतं. तातेराव रिकाम्या गाडीनं परत आले. मग आठवा महिना गेला. नववा लागला. इकडून निरोप गेला की लेक आमच्याच गाडीतून येईल, तिकडून आला की सून आमच्याच गाडीतून जाईल. मालनबाईंनी आणि विहीणबाई चतुराबाईंनी पोस्टकार्डं लिहून एकमेकींची क्षमा मागितली, कारण त्या दोघींचं भांडण नव्हतं. शिवकन्या बदनापुरात अंगणातल्या बाजेवर बसून चिंचा खात होती आणि म्हणत होती, की दोन्ही गाड्या एकदाच्या मोडल्या तर मी सुखानं बाळंत होईन.

तोडगा काढला कचरू मिस्त्रीनं. दोन्ही गाड्या दुखण्याला त्याच्याच शेडमध्ये यायच्या, त्यामुळं त्याचं दोघांवर सारखंच प्रेम होतं. पेट्रोलचा भाव नुकताच आभाळाला भिडलेला. कोणती गाडी चांगली या प्रश्नाचा त्या वर्षी एकच अर्थ होता, कोणती कमी पिते. कचरू म्हणाला, दोन्ही टाक्या रिकाम्या करू. टाकीची नळी काढून ठेवू. बॉनेटखाली एक-एक लिटरची काचेची बाटली बांधू आणि गाडी त्या बाटलीवर चालवू. बाटली संपली की गाडी थांबेल. जी गाडी जास्त किलोमीटरचे दगड मोजील, पोरगी तिच्यात.

दोघंही तयार झाले. रस्ता अंबडचा ठरला, कारण बदनापूरचा रस्ता अप्पारावांच्या गाडीला पाठ होता, असा तातेरावांचा आक्षेप आला. लबाडी नको म्हणून पंच ठरले. तातेरावांच्या गाडीत अप्पारावांकडून देवानंद बसणार आणि अप्पारावांच्या गाडीत तातेरावांकडून कचरू. गाडीत पेट्रोलचा जादा थेंब ठेवायचा नाही, यावर दोन्ही व्याह्यांनी महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलला. आपल्याकडे बेलभंडारा उचलून कोणी खोटं वागत नाही, वागलं तर सात पिढ्यांना लागतं. तातेरावांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि आदल्या संध्याकाळी घरी येऊन पितळेच्या फिरकीच्या तांब्यात दीड लिटर पेट्रोल भरलं.

मनात त्यांनी महादेवाची समजूतही काढली होती. बेलभंडारा गाडीत जादा पेट्रोल न ठेवण्याचा होता. तांब्या मांडीवर राहणार होता, मांडी म्हणजे गाडी नव्हे. बेत अगदी सरळ होता. म्हातारीला दर दोन कोसांवर पाणी लागतं हे जगाला ठाऊक. नवव्या-दहाव्या दगडाशी गाडी थांबवायची, रेडिएटरला पाणी घालायच्या निमित्तानं बॉनेट उघडायचं आणि तांब्यातलं मावेल तेवढं बाटलीत ओतायचं. बॉनेटआड काय चाललंय ते आत बसलेल्या जावयाला दिसत नाही. तांब्याची फिरकी घट्ट आवळून त्यांनी तो ओसरीवर ठेवला आणि मालनबाईंना बजावलं, की गाडीचं पाणी भरून ठेवलंय, कोणी हात लावायचा नाही.

सकाळी दहाला जालन्याच्या नाक्यावरून गाड्या निघाल्या. मे महिन्याचं ऊन, त्यात लँडमास्टरचं इंजिन, त्यामुळं गाडीत बसणं म्हणजे चुलीच्या वैलावर बसणं. फियाट पुढं होती. तातेरावांना मागून दिसत होतं की अप्पाराव सीटवर जरा तिरपे बसलेत. गेल्या आठवड्यापासून त्यांची पाठ धरली होती म्हणे. सकाळी ते कंबरेला रबराची गरम पाण्याची पिशवी बांधून आले तेव्हा तातेरावांनाच त्यांची दया आली होती.

चौथ्या दगडाशी देवानंदनं ओठांवरून जीभ फिरवली. पाचव्याशी त्यानं तांब्याकडं पाहिलं. देवानंद बदनापूरच्या शाळेत मास्तर, स्वभावानं गरीब, सासऱ्याकडं काही मागायची त्याची ही पहिलीच वेळ.

"मामा, घोटभर पानी देता का?"

तातेरावांनी तांब्या मांडीवर घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं चाक सांभाळत सांगितलं, की हे गाडीचं पाणी आहे, पुढं लागेल. देवानंद म्हणाला, घोटानं काय फरक पडतो. तातेराव म्हणाले, पडतो. देवानंदनं मान फिरवून बाहेरच्या नांगरटीकडं बघायला सुरुवात केली. जावयाला सासरा दिवाळीला अंगठी देतो, धोंड्याच्या महिन्यात अनारसे देतो. पाणी नाकारलेला सासरा मराठवाड्यात बहुधा हा पहिलाच होता, आणि हे तातेरावांनाही कळत होतं. त्यांचे कान तापले. पण लेकीला आपल्या गाडीतून आणायचं होतं.

नववा दगड गेला आणि तातेरावांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून ते तांब्या घेऊन उतरणार, तोच देवानंद पलीकडून उतरून बॉनेटपाशी आला.

"तुम्ही उन्हात कशाला येता मामा, बसा. पानी मी घालतो."

असं म्हणून त्यानं बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाला फडकं लावलं आणि तांब्यासाठी हात पुढं केला. रेडिएटरमधून चहाच्या किटलीसारखी वाफ येत होती. त्यात हा गुणी जावई दीड लिटर पेट्रोल ओतणार, आणि मग जालना-अंबड रस्त्यावर शिवकन्येचं कुंकूही राहणार नाही आणि मालनबाईंचंही. तातेरावांनी तांब्या छातीशी धरला. म्हणाले, राहू द्या, आत्ता नको, इंजिन फार तापलंय, गार पाण्यानं तडकेल. देवानंद म्हणाला, तापलं म्हणूनच पाणी घालायचं ना? तातेराव म्हणाले, तुम्हाला शाळेतलं कळतं, गाडीतलं कळत न्हाई. आणि दोघं परत आत बसले. अकराव्या दगडाशी म्हातारीनं दोन ढेकर दिले आणि ती थांबली.

फियाट पुढं कुठंतरी गेली होती. ती किती पुढं थांबली ते बघायला सासरा-जावई चालत निघाले. बाभळीचीसुद्धा सावली नाही. देवानंद पुढं, त्याच्यामागं तातेराव, आणि तातेरावांच्या कडेवर मूल घ्यावं तसा तो तांब्या. गाडीतच ठेवून आले असते तर एखाद्या तहानलेल्या वाटसरूनं तोंडाला लावला असता. तो किलोमीटर तातेरावांना काशीयात्रेहून लांब वाटला. देवानंद एकदाही मागं वळून बघत नव्हता, आणि मागं न बघणाऱ्या जावयाची पाठ किती बोलते ते त्या दिवशी त्यांना कळलं.

फियाट बाराव्या दगडाशी उभी होती. अप्पाराव तिच्या सावलीला बसले होते, पण जिंकलेल्या माणसाचा आनंद काही तोंडावर दिसत नव्हता. कचरू म्हणाला, एका दगडानं फियाट पुढं, पण मालक खुश दिसून नाही राह्यले. अप्पाराव पाठीवरची पिशवी चाचपत राहिले.

तेवढ्यात जालन्याहून अंबडला जाणारी एस.टी. त्यांच्याशेजारी येऊन थांबली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून तातेराव कोण ते विचारलं.

"तुमच्या मालकिनीचा निरोप हाय. पोरीच्या पोटात दुखाया लागलं. बदनापूरहून फोन आल्ता. गाडी घेऊन जल्दी तिकडं जा म्हनल्या."

आम्हाला तुम्ही ओळखलं कसं, असं देवानंदनं घोगऱ्या आवाजात विचारलं. कंडक्टर म्हणाला, बाईंनी सांगितलं होतं, अंबडच्या रस्त्यानं दोन जुन्या गाड्या बंद पडलेल्या दिसतील, तिथं थांबा. पहिलीपाशी कोणी नव्हतं म्हणून पुढं आलो. मग त्यानं घंटी ओढली आणि एस.टी. धूळ उडवत अंबडकडं गेली. उलटी येणारी दोन-अडीच तासांनी होती.

तातेरावांनी मनातल्या मनात हिशोब केला. दोन महिने. गेले दोन महिने लेक आपल्या घरी, आईजवळ, दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर असायला हवी होती. ती तिकडं कळा देत होती आणि आपण इथं दगड मोजत होतो. लहानपणी तिला काटा टोचला तरी ती आधी बापाला 'दादा' म्हणून हाक मारायची. आत्ताही मारत असेल. त्यांना एकदम रडू आलं, आणि त्या रडण्यातच त्यांनी तांब्या कचरूच्या पायाशी ठेवला.

"इवाई," ते म्हणाले, "या तांब्यात पेट्रोल हाय. दीड लिटर. मी बेलभंडारा उचलून लबाडी केली. जावयाला पानी दिलं न्हाई ते याच्यामुळंच. मला काय बोलायचं ते मागून बोला. आधी हे बाटलीत ओता आनि पोरीकडं चला."

अप्पाराव डोळे विस्फारून बघत राहिले. देवानंदच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग सुटका दिसली. सासरा कंजूष नव्हता, नुसताच लबाड होता, एवढा तरी दिलासा होता. आणि तातेरावांना छातीवरून पोतं उतरावं तसं वाटलं. इज्जत गेली होती, पण गाडी चालणार होती.

कचरूनं फिरकी उघडली. वास घेतला. परत घेतला. तळहातावर थोडं ओतून जिभेला लावलं.

"मालक, हे पानी हाय."

तातेराव म्हणाले, खुळा का काय, मी माझ्या हातानं भरलंय.

"मी जलमभर नळीनं तोंडानं पेट्रोल ओढलं," कचरू म्हणाला. "मला नका सांगू. पानी हाय, गार हाय, आनि वाळा घातलेला हाय."

देवानंदनं पुढं येऊन कचरूच्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि कोणाकडंही न बघता अर्धा रिकामा केला. वाळ्याचं गार पाणी त्याच्या गळ्याखाली उतरताना साऱ्यांना ऐकू येत होतं. तातेराव रस्त्यावरच मटकन खाली बसले. लबाडीही गेली, पेट्रोलही गेलं, आणि जावयाला नाकारलं ते खरोखरचं पाणीच निघालं. माणसाची एका दिवसात यापेक्षा जास्त फजिती करायची सोय देवानंही ठेवलेली नाही.

मग अप्पाराव हळूहळू उठले. त्यांनी सदरा वर केला, कंबरेची दोरी सोडली आणि ती रबराची गरम पाण्याची पिशवी कचरूच्या हातात दिली.

"हे घे," ते खाली बघत म्हणाले. "लिटरभर हाय. पाठ बिलकुल दुखत न्हाई माझी."

मे महिन्याच्या उन्हात माणूस पाठ कशाला शेकतो, हे बाकी तिघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं. कचरू सबंध वाट शेजारून हलला नव्हता, म्हणून ती पिशवी पाठीवरच राहिली होती. तातेरावांनी व्याह्यांकडं पाहिलं, व्याह्यांनी तातेरावांकडं पाहिलं. पोरांच्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा दोघांचं एकमेकांशी इतकं पटलं नव्हतं. महादेवाचं काय करायचं ते नंतर दोघं मिळून बघू, असं अप्पाराव पुटपुटले.

कचरू पिशवी घेऊन कोणत्या गाडीत घालू म्हणून विचारू लागला. आणि तिथं परत भांडण लागलं, पण उलटं. अप्पाराव म्हणाले, लँडमास्टरमध्ये घाल, ती ऐसपैस आहे, पोरीला पाय लांब करून निजता येईल. तातेराव म्हणाले, मुळीच नको, फियाट कमी पिते, ती नक्की पोचेल. अप्पाराव म्हणाले, अहो तुमच्या गाडीचे पाटे दणकट, पोरीला हिसके बसणार नाहीत. तातेराव म्हणाले, पण तुमची सुरू होते. दोन महिने दोघांनी जे कबूल केलं नव्हतं ते आता एकमेकांच्या गळी उतरवायला निघाले. शेवटी देवानंद मास्तरांनी, ज्यांचा आवाज शाळेतही चढत नसे, ओरडून सांगितलं की बायको माझी आहे, फियाटमध्ये घाला आणि बसा.

फियाट एका हाकेत चालू झाली. पाटे बसतील म्हणून कोणी काही बोललं नाही. अप्पारावांनी आयुष्यात प्रथमच गाडी खड्ड्यांतून चालवली. जालन्याच्या नाक्यावरचा पंप दिसला आणि त्याच्याअलीकडं शंभर पावलांवर बाटली संपली. चौघांनी उतरून गाडी ढकलत नेली. "बराबर बारा," कचरू ढकलता ढकलता म्हणाला. "जाताना बारा, येताना बारा." कोणी लक्ष दिलं नाही. त्यानं टाकीची नळी जोडली, पेट्रोल भरलं आणि गाडी बदनापूरच्या रस्त्याला लागली.

वाटेत रेल्वेचं फाटक बंद. जालन्याकडं जाणारी पॅसेंजर यायची होती, नेहमीसारखी तासभर उशिरानं. तातेरावांनी तिच्या इंजिनाला, ड्रायव्हरला आणि आगगाडी काढणाऱ्या गोऱ्या साहेबाला शिव्या घातल्या. शेवटी गाडी आली आणि धडधडत समोरून गेली. एका खिडकीतून कोणीतरी बाई हिरवा पदर काढून जोरजोरात हलवत होती. अप्पाराव करवादले, इथं आमचा जीव जातोय आणि लोकांना गमती सुचतात.

बदनापूरला पोचले तर घराला कुलूप. शेजारच्या केशरबाई जात्यावरून उठून बाहेर आल्या आणि त्यांनी सांगितलं, की चतुराबाई सुनेला घेऊन पॅसेंजरनं जालन्याला गेल्या. गाड्यांची वाट बघत बसले तर नातवंड शाळेत जायच्या वयाचं होईल, असं म्हणून त्या टेशनात गेल्या. पॅसेंजर उशिरा आली म्हणून तर सापडली.

"पदर हिरवा होता का हो आईचा?" देवानंदनं विचारलं.

"हिरवाच," केशरबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर फाटक परत बंद होतं, या वेळी मालगाडीसाठी, आणि या वेळी कोणी शिव्याही घातल्या नाहीत.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मालनबाई बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली जांभळी इरकल, चेहऱ्यावर लगीन पार पडल्याचा थकवा. स्टेशनमास्तरनं बदनापूरहून कळवलं होतं, टांगा तयार होता, गाडीतून उतरल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंत काही अडलं नाही, असं त्यांनी सावकाश सांगितलं. तातेरावांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

"पोरगी झाली," मालनबाई म्हणाल्या. "दोघी बी बऱ्या हायेत. शिवा झोपली."

देवानंद आत पळाला. अप्पाराव पायरीवर बसले आणि त्यांनी आभाळाकडं बघून हात जोडले. टेकायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून तातेरावांनी फियाटच्या गोल बॉनेटवर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडून घेतलं. दोन महिन्यांची सगळी धास्ती डोळ्यांवाटे निघून गेली. ज्या गाडीला ते डुक्कर म्हणत, तिला त्यांनी त्या दिवशी दोन्ही हातांनी कवटाळलं होतं, हे पुढं अप्पारावांनी कधी कोणाला सांगितलं नाही. त्यांचीही एक पिशवी होती.

डोळे पुसून झाल्यावर तातेरावांनी बायकोला हळूच विचारलं, तांब्यात पाणी कुठून आलं.

"सकाळी उचलला तर भपकारा आला," मालनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, चुकून पेट्रोल भरलं तुम्ही. रेडिएटरात गेलं असतं तर भडका झाला असता. मंग चिंचेनं घासला, वाळा घालून पानी भरलं. म्हनलं, जावई हायेत संग, तहान लागंल त्यान्ला."

"आनि पेट्रोल?"

मालनबाईंनी पदर पुढं केला. दिवाळीपासून इरकलीवर तेलाचा डाग होता, तो पेट्रोलनं पार गेला होता. नातीला पहिल्यांदा घ्यायचं तर लुगडं स्वच्छ नको का, त्या म्हणाल्या. तातेरावांनी पदराचा वास घेतला. पेट्रोल शेवटी कामी आलं होतं.

लँडमास्टर दुसऱ्या दिवशी अकराव्या दगडापासून बैलजोडीनं घरी आली. दोघं व्याही महादेवाच्या देवळात जाऊन नाक घासून आले. सव्वा महिन्यानं बाळबाळंतीण सासरी निघाली तेव्हा तातेराव म्हणाले, तुमच्या गाडीतून जाऊ द्या, आणि अप्पाराव म्हणाले, छे, तुमच्या. ते भांडण ऐकत शिवकन्येनं पोरीला टोपडं घातलं आणि टांगा बोलावला. ती पॅसेंजरनं गेली, तिचं सामान धरून दोन्ही व्याही तिच्यामागं.

देवानंदरावांनी त्या दिवसाबद्दल सासऱ्याला कधी बोल लावला नाही. माणूस भला. सासुरवाडीला आले की तातेराव धावत जाऊन स्वतःच्या हातानं वाळ्याच्या पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं धरतात. देवानंदराव तो दोन्ही हातांनी घेतात, हसून मान डोलावतात, आणि पिण्याआधी हळूच नाकापाशी नेतात.